नावापुरते उरलेले ससून

१२ जानेवारी १९२४ ची रात्र. येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या महात्मा गांधींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करत होते. त्याआधी भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री रुग्णाला भेटले होते आणि आपली संमती असल्याचे निवेदन गांधीजींनी त्यांच्यासमक्ष दिले होते. काही बरेवाईट झाले असते तर देश पेटला असता, याची जाणीव सरकारलाही होती. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली. बॅटरीच्या उजेडात थोडा वेळ निभावले, मग तीही बंद पडली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पार पडले.

हा प्रसंग बऱ्याच पुणेकरांना माहीत असतो. ज्याच्या नावाचे ते रुग्णालय, तो माणूस मात्र क्वचित कोणाला माहीत असतो. ‘ससूनला नेलंय’, ‘ससूनचा रिपोर्ट यायचाय’ असे हे नाव शहरात रोज घेतले जाते. पोलिसांच्या कागदांत ते येते, वर्तमानपत्रांत येते, रिक्षावाल्याच्या तोंडी असते. मुंबईकर मासळीसाठी पहाटे ससून डॉक गाठतो आणि काळ्या घोड्याजवळच्या ससून लायब्ररीच्या गॅलरीत पाय लांब करून डुलकी काढतो. इतक्या वेळा उच्चारले जाणारे नाव, आणि नावामागचा माणूस जवळजवळ पुसलेला. डेव्हिड ससून, जन्म बगदाद, १७९२. मृत्यू पुणे, १८६४. आजचे हे व्याख्यान त्यांच्याविषयी आहे.

स्मृतिव्याख्यानात माणसाचे गुण तेवढे मोजायचे, असा आपल्याकडे प्रघात आहे. ससूनांच्या बाबतीत तो पाळला तर अर्धाच माणूस हाती लागेल. रुग्णालय, वाचनालय, शाळा, अनाथ-पंगूंचा आसरा हे सगळे ज्या संपत्तीतून उभे राहिले, तिच्यातला मोठा वाटा चीनला जाणाऱ्या अफूचा होता. ही गोष्ट तळटीपेत ढकलायची नाही, एवढे ठरवूनच पुढे जाऊ.

बगदादच्या मुलखात ज्यू लोक दोन हजारांहून अधिक वर्षे राहत होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या समाजाचे पुढारपण शेख ससून बेन सालेह यांच्याकडे होते. ते बगदादच्या पाशांचे खजिनदार, म्हणजे दरबारात वजन असलेले गृहस्थ. डेव्हिड त्यांचा मुलगा. पुढे दाऊद पाशाची सत्ता आली आणि श्रीमंत ज्यूंच्या मागे वसुलीचा ससेमिरा लागला. डेव्हिडला कैद झाली, बापाने पैसे मोजून त्याला सोडवले आणि रातोरात गावाबाहेर काढले, असे सांगितले जाते. अंगरख्याच्या अस्तरात मोती शिवून तो पळाला, ही त्या कुटुंबातली लाडकी कथा. कथेत किती भर पडली असेल ती असो. तो आधी बसऱ्याला आणि तिथून इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहरला गेला, एवढे नक्की. म्हातारे वडीलही मागोमाग आले आणि १८३० मध्ये बुशहरलाच वारले. पिढ्यान्‌पिढ्यांचा दरबारी मान गेला होता. उरली होती ती पत, भाषा आणि नात्यागोत्यातल्या व्यापाऱ्यांची ओळख.

व्यापाऱ्याला एवढे भांडवल कमी नसते.

१८३२ च्या सुमारास ससून कुटुंब मुंबईला आले आणि फोर्टातल्या टॅमरिंड लेनमध्ये पेढी सुरू झाली. वेळ अगदी योग्य साधली गेली. १८३३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चीनच्या व्यापारातला मक्ता संपवला आणि खाजगी व्यापाऱ्यांना ते दार उघडले. मुंबईत त्या वेळी जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखे पारशी शेठ आधीच पाय रोवून होते, इंग्रजी कंपन्यांची जहाजे होती, भाटिया, मारवाडी, कोकणी मुसलमान व्यापारी होते. चाळिशीतल्या या नवख्या निर्वासिताकडे जहाजे नव्हती आणि त्याला इंग्रजी येत नव्हते. अरबी, हिब्रू, तुर्की, फारसी या भाषा मात्र अवगत होत्या, आणि हिंदुस्थानी त्याने इथे येऊन शिकून घेतली. इराणी आखातातून खजूर, घोडे, मोती, गालिचे आणायचे आणि इथून लँकेशायरचे कापड नि सूत तिकडे पाठवायचे, असा त्याचा सुरुवातीचा धंदा. बसऱ्याचा व्यापारी मुंबईत उतरला की आपल्या भाषेत बोलणारा, आपल्या तिथी-सणांना मान देणारा आडत्या त्याला भेटायचा. पहिली काही वर्षे ससूनांची पेढी चालली ती या आपुलकीवर.

इंग्रजी त्यांना अखेरपर्यंत फारशी आली नाही. १८५३ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले, तेव्हा सही केली ती हिब्रू लिपीत.

अफूकडे ससून जरा उशिराच वळले. पहिल्या अफू युद्धाच्या काळात (१८३९–४२) या व्यापारात जार्डिन मॅथिसन कंपनीचा दबदबा होता. युद्ध संपले, नानकिंगचा तह झाला, हाँगकाँग इंग्रजांकडे गेले आणि शांघायसह पाच बंदरे परकी व्यापाऱ्यांना खुली झाली. १८४४ मध्ये डेव्हिड ससूनांनी आपला दुसरा मुलगा एलियास याला चीनला पाठवले. तिथून पुढची ससूनांची संपत्ती ही प्रामुख्याने मुंबई आणि चीन यांच्यामधल्या वाटेवरची आहे.

हा धंदा चालायचा कसा, ते पाहण्यासारखे आहे. बंगाल-बिहारकडची अफू सरकारी मक्त्याची. तिचा लिलाव कलकत्त्याला व्हायचा. आपल्या बाजूची अफू माळव्याची. इंदूर, उज्जैन, रतलाम या भागांत, म्हणजे होळकर-शिंद्यांच्या आणि इतर संस्थानिकांच्या मुलखात तिचे पीक होई. तिथे कंपनीचा मक्ता चालत नव्हता. म्हणून सरकारने परवान्याची पद्धत काढली: माळव्याहून मुंबई बंदरात येणाऱ्या प्रत्येक पेटीवर ठराविक रक्कम भरायची आणि मगच ती जहाजावर चढवायची. एका पेटीत साठेक किलो माल असे. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेला, कराचीवरून पोर्तुगिजांच्या दमणला चोरून जाणाऱ्या मालाची वाट बंद झाली आणि परवान्याचा दर चढत चढत पेटीमागे ४०० रुपयांवर गेला. हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नाच्या मोठ्या आधारांपैकी अफू हा एक होता. तेव्हा हा चोरटा धंदा होता असे समजू नये. इथे तो कायदेशीर होता, सरकारच त्यात भागीदार होते, आणि शिपायांचे पगार काही अंशी त्यातून निघत होते. चोरी होती ती चीनच्या किनाऱ्यावर. दुसऱ्या अफू युद्धानंतर तिथेही व्यापार कायदेशीर करून घेण्यात आला.

ससूनांची हुशारी दोन ठिकाणी दिसते. माळव्यात त्यांच्या दलालांनी पीक हाती येण्याआधीच शेतकऱ्यांना आणि सावकारांना उचल द्यायला सुरुवात केली, त्यामुळे माल त्यांच्याकडे आपोआप बांधला गेला. आणि चीनच्या बंदरांत माल उतरवून घेणारा माणूस हा पगारी गुमास्ता नसून घरचा मुलगा होता. मुंबईतला भाव, शांघायमधला साठा, कलकत्त्याच्या लिलावाची बातमी हे सगळे एकाच घरात पत्राने फिरत होते. ही पत्रे हिब्रू लिपीत लिहिलेल्या बगदादी अरबीत असत. वाटेत कोणी फोडली तरी वाचणार कोण? १८७० च्या दशकात जार्डिन मॅथिसनने अफूतून अंग काढून घेतले, तोवर ससून त्या बाजारात सर्वांच्या पुढे गेले होते.

आता घराकडे वळू. या माणसाचे घर आणि पेढी वेगळी काढून दाखवताच येत नाहीत. पहिली पत्नी हन्ना १८२६ मध्ये वारली. तिचे दोन मुलगे, अब्दुल्ला आणि एलियास. दुसरी पत्नी फरहा. तिचे सहा मुलगे. आठ मुलगे, त्यांच्या बहिणी, सुना, जावई, नातवंडे, बगदादहून सतत येणारे भाचे-पुतणे, असा हा गोतावळा. भायखळ्याला त्यांनी ‘सां सुसी’ नावाचा बंगला घेतला. आज तिथे मसिना हॉस्पिटल आहे, आणि जुन्या जिन्यावरून अजूनही रुग्णांचे नातेवाईक ये-जा करतात. शनिवारी म्हणजे शब्बाथच्या दिवशी पेढी बंद. रोजची प्रार्थना चुकायची नाही, खाणेपिणे धर्माच्या नियमाप्रमाणे. रविवारी सगळे बंद असणाऱ्या इंग्रजी मुंबईत शनिवारी दार लावून घेणारी ही एवढी मोठी पेढी. आठवड्याचा एक कामाचा दिवस त्यांनी कायमचा सोडला होता.

१८५७–५८ च्या आसपासचा एक फोटो प्रसिद्ध आहे. डेव्हिड ससून मध्ये बसलेले, सोबत तीन मुलगे. बाप आणि दोन थोरले मुलगे झगा-फेट्यात, आणि सॅसून डेव्हिड हा धाकट्यांपैकी एक इंग्रजी सुटाबुटात. त्याला १८५८ मध्ये लंडनची शाखा उघडायला पाठवले गेले. एका चौकटीत बगदाद, मुंबई आणि लंडन मावले आहेत. बापाने पोशाख बदलला नाही, आणि मुलाला बदलू दिला. कर्मठ माणसाकडून ही अपेक्षा नसते. मला त्यांच्या स्वभावातली ही गोष्ट मोठी वाटते. मुलगे आळीपाळीने परदेशी जायचे, काही वर्षे तिथे राबायचे, परत यायचे. कोणीही एका जागी ऐसपैस बसायचे नाही, असा शिरस्ताच होता.

मुलींविषयी मात्र कागद फार बोलत नाहीत. त्या काळच्या सगळ्याच व्यापारी घराण्यांत तसेच होते. पण बायकांची पाळी पुढच्या पिढीत आली, आणि जोरात आली. डेव्हिडचा मुलगा सॉलोमन याची पत्नी फ्लोरा, घरातले नाव फरहाच, १८९४ मध्ये नवरा गेल्यावर मुंबईची पेढी स्वतः चालवू लागली. मुंबईत प्लेग आला आणि हाफकिनची लस टोचून घ्यायला लोक घाबरू लागले, तेव्हा भीती मोडावी म्हणून तिने स्वतः टोचून घेतले. डेव्हिडची नात रेचल मुंबईत जन्मली, इंग्लंडला गेली आणि ‘ऑब्झर्व्हर’ नि ‘संडे टाइम्स’ या दोन्ही वृत्तपत्रांची संपादक झाली. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांवर कविता लिहिणारा सिगफ्रीड ससून हा लंडनला गेलेल्या त्या सॅसून डेव्हिडचा नातू. पणजोबांच्या अफूच्या पेट्या आणि पणतवाच्या युद्धविरोधी कविता, असा हा एका वंशाचा पल्ला.

ससूनांच्या दानधर्माची सुरुवात पेढीच्या वहीत झाली. धर्मादायाचे स्वतंत्र खाते होते आणि व्यवहार झाला की त्यातला ठराविक अंश त्या खात्याला जमा व्हायचा. नफा झाला तर देऊ, मन झाले तर देऊ, असे नव्हते. आपल्या बाजारपेठांतही व्यापारावर धर्मादायाची लाग घेण्याची जुनी रीत होती, त्यामुळे मुंबईच्या कोणा शेठाला यात नवल वाटले नसेल. ससूनांनी ही रीत मिरवली नाही; चालवली, इतकेच.

पहिला खर्च अर्थातच आपल्या माणसांवर झाला. बगदाद, बसरा, अलेप्पोहून येणाऱ्या गरीब ज्यूंच्या मुलांसाठी शाळा निघाली. तिथे हिब्रू आणि धर्मशिक्षण, पण त्याबरोबर इंग्रजी, हिशेब, पेढीचे काम. शिकून तयार झालेला पोरगा ससूनांच्याच शाखेत चिकटायचा, मग रंगून असो की शांघाय. तिथे त्याला राहायला जागा, प्रार्थनेची सोय, आणि मेला तर पुरायला जमीन, सगळे पेढीकडून. हे दान होते की मनुष्यबळाची तरतूद? दोन्ही होते, आणि डेव्हिड ससूनांना त्यात विसंगती दिसली नसावी. १८५५ पासून दहाएक वर्षे मुंबईत हिब्रू लिपीतले एक साप्ताहिक शिळाछापावर निघत होते, यावरून त्या छोट्या वस्तीची हालचाल लक्षात येईल. भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला उभे राहिले. आज त्या आवारातल्या ससूनांच्या शाळेत बहुतेक मुले आसपासच्या मुस्लिम वस्तीतली आहेत. सिनेगॉगच्या सावलीत ती मधल्या सुट्टीत खेळतात, आणि त्यात कोणालाच काही विशेष वाटत नाही.

मग वर्तुळ वाढले. १८५७ साली, उत्तरेत बंड पेटलेले असताना, मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने बालगुन्हेगारांसाठी सुधारगृह आणि उद्योगशाळा सुरू झाली. डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी आधी चालवलेल्या उद्योगशाळेला ससूनांच्या पैशाने नवे रूप आले. चोरीमारीत सापडलेल्या पोरांना मोठ्या कैद्यांबरोबर तुरुंगात न टाकता सुतारकी-लोहारकी शिकवावी, ही कल्पना त्या काळात पुढचीच म्हणायला हवी. माहीम-माटुंग्याकडची ती संस्था आजही त्याच नावाने ओळखली जाते. पुण्यात नवी पेठेतले डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह, ज्याला आज सगळे ‘निवारा’ म्हणून ओळखतात, तेही याच ओळीतले. तिथल्या आजी-आजोबांना देणगीदाराचा धर्म कोणता होता, हे कधी विचारावेसे वाटले नसेल.

वाचनालयाची गोष्ट थोडी वेगळी आहे. १८४७ मध्ये टांकसाळ आणि सरकारी गोदीतल्या तरुण मेकॅनिक आणि फोरमन मंडळींनी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढली होती. यंत्रांचे नमुने, व्याख्याने, पुस्तके. त्यांना स्वतःची जागा नव्हती. ससूनांनी ६०,००० रुपये दिले, बाकीची रक्कम इतर मार्गांनी उभी राहिली, आणि डेव्हिड गेल्यानंतर १८७० मध्ये मालाडच्या पिवळसर दगडाची ती इमारत पुरी झाली. आत शिरताना समोर डेव्हिड ससूनांचा संगमरवरी पुतळा दिसतो, टॉमस वुल्नरने घडवलेला, झगा-फेट्यासह. ज्या रस्त्याला लोक काळा घोडा म्हणतात, तो घोडाही ससूनांचाच: एडवर्ड राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा अब्दुल्लाने, म्हणजे सर अल्बर्ट ससूनने, शहराला भेट दिला. १९६५ मध्ये तो राणीच्या बागेत हलवला. नाव रस्त्यावरच राहिले.

राणीच्या बागेतच ससूनांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे, आणि शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात अल्बर्ट राजपुत्राचा पुतळा आहे तोही डेव्हिड ससूनांनी दिलेला, हिब्रू लेखासह. नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी, जमशेटजींचे घराणे, ससून ही मंडळी त्या काळात एकाच वर्गण्यांच्या यादीत भेटतात. राणीवरची निष्ठा दाखवणे हा त्यातला एक भाग होताच. सरकारदरबारी वजन हवे असलेल्या परक्या व्यापाऱ्याला पुतळे उभारणे परवडत होते. पण याच यादीत रुग्णालयही आहे, आणि रुग्णालय पुतळ्यासारखे नुसते बघायचे नसते.

पुण्याचा ससूनांशी संबंध हवापाण्यामुळे आला. पावसाळ्यात गव्हर्नर पुण्याला यायचे, त्यांच्यामागे मुंबईचे शेठ. ससूनांनी इथे ‘गार्डन रीच’ हा बंगला बांधला. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ नंतर मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, पैसा वाहत होता, शेअरचा जुगार रंगला होता. त्या पैशाची मोठी रक्कम रेक्लमेशनच्या कागदी कंपन्यांत बुडाली. ससूनांच्या वाट्यातला काही पैसा पुण्याच्या दगडविटांत गेला: सर्व जातिधर्मांच्या गरिबांसाठी रुग्णालय, आणि कँपात स्वतःच्या समाजासाठी ‘ओहेल डेव्हिड’ सिनेगॉग. दोन्हींचा आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या एकाच लष्करी अभियंत्याचा. लाल विटांच्या आणि उंच मनोऱ्याच्या त्या सिनेगॉगला पुणेकरांनी आपले नाव दिले, लाल देऊळ. दोन्ही इमारती १८६७ मध्ये पुऱ्या झाल्या.

ते पाहायला डेव्हिड ससून नव्हते. नोव्हेंबर १८६४ मध्ये ते पुण्यातच वारले. कापसाचा फुगा फुटण्याआधी काही महिने. लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे.

आता एक अडचणीची गोष्ट. मुंबईत ससून आले तेव्हा इथे ज्यू नव्हते असे नाही. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे गलबत फुटले अशी परंपरा सांगणारे बेने इस्राएल कोकणात शतकानुशतके राहत होते. घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली. घरची भाषा मराठी, आडनावे दिवेकर, केहिमकर, पेणकर. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, आणि सुरुवातीला बगदादी मंडळी तिथेच प्रार्थनेला जात. पण १८३६ मध्ये डेव्हिड ससून आणि इतर काही बगदादी व्यापाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला की दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्राएलांच्या थडग्यांमध्ये भिंत घालावी. बेने इस्राएलांचे ज्यूपण पुरेसे शुद्ध आहे का, ही शंका त्यामागे होती, आणि गोऱ्या राज्यकर्त्यांच्या नजरेत ‘नेटिव्ह’ ठरू नये ही धडपडही. ज्या देशाने आसरा दिला, तिथल्या स्वधर्मीयाशी मेल्यावरही शेजार नको. आपल्याला हे अपरिचित वाटू नये. आपल्या गावांत स्मशाने किती आणि का, हे आपण जाणतो.

ही भिंत पुढे हळूहळू ढासळली, आणि गंमत म्हणजे तिला धक्का देणाऱ्यांत ससूनांच्या पेढीत वाढलेला एक जण होता. एली कडूरी हा बगदादी तरुण १८८० मध्ये ससूनांच्या चीनमधल्या शाखेत कारकून म्हणून लागला आणि पुढे स्वतः अब्जाधीश घराण्याचा मूळ पुरुष झाला. हाइम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये निघालेल्या बेने इस्राएलांच्या शाळेला माझगावात आज, त्यांनी दिलेल्या देणगीमुळे, सर एली कडूरी यांचे नाव आहे.

डेव्हिड गेल्यावर तीन वर्षांत घर फुटले. पेढीची सूत्रे थोरल्या अब्दुल्लाकडे गेली, आणि चीनचा डोलारा स्वतः उभारलेल्या एलियासला ते मानवले नाही. १८६७ मध्ये त्याने वेगळी ई. डी. ससून कंपनी काढली. मोठ्याने १८७५ मध्ये ससून डॉक पुरा केला, सर झाला आणि इंग्लंडला जाऊन बसला. धाकट्या पातीने मुंबईत गिरण्या काढल्या. कोकण आणि घाटावरून आलेली लाखो माणसे ज्या गिरणगावात जगली, तिथल्या सर्वांत मोठ्या मालकांत ई. डी. ससून होते. मराठी माणसाचा ससूनांशी खरा संबंध गिरणीतल्या साच्यावरचा आहे, पुतळ्यापुढचा नाही. एलियासचा मुलगा जेकब याने फोर्टातले केनेसेथ एलियाहू सिनेगॉग १८८४ मध्ये बांधवून घेतले आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला मोठी देणगी दिली. पुढे शांघायला ससूनांचे कॅथे हॉटेल झाले, मुंबईच्या गिरण्या विकल्या गेल्या, चीनमध्ये क्रांती झाली. व्यापारी म्हणून ससून संपले.

राहिला अफूचा प्रश्न. ‘त्या काळी सगळेच करत होते’ हे उत्तर ठरलेले आहे, आणि ते अर्धवट खरे आहे. जे. जे. रुग्णालयाच्या पायातही अफूचा पैसा आहे. पण सगळेच करत नव्हते. दादाभाई नौरोजी १८५५ मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. कंपनी अफू आणि दारूचा व्यवहार करते हे त्यांना रुचेना, म्हणून तीन वर्षांत त्यांनी भागीदारी सोडली. पुढे अफूच्या व्यापाराला त्यांनी इंग्लंडच्या माथ्यावरचे पाप म्हटले. १८८१ मध्ये तरुण रवींद्रनाथ ठाकुरांनी या व्यापाराविरुद्ध बंगालीत लेख लिहिला. तेव्हा पर्याय दिसत होता, आणि मुंबईतच दिसत होता. ससूनांनी तो घेतला नाही. शब्बाथला पेढी बंद ठेवणाऱ्या, खाण्याच्या नियमात तसूभर ढिलाई न करणाऱ्या या माणसाला ग्वांगझूच्या अड्ड्यांत काय चालते याची कल्पना नसेल, हे मानणे अवघड आहे. तिथे त्याचा मुलगाच होता. माझे मत विचाराल तर दानाने ही बाजू फिटत नाही, आणि अफूमुळे रुग्णालय खोटे ठरत नाही. चीनमधल्या कोणाच्या तरी नुकसानीतून पुण्यातल्या कोणाचा तरी जीव वाचला, आणि दोन्ही माणसे एकमेकांना कधी भेटली नाहीत.

यासाठी एक मागणी करावीशी वाटते. ससून रुग्णालय, वाचनालय, सुधारगृह, निवारा या ठिकाणी डेव्हिड ससूनांची माहिती लावायचीच असेल, तर तिच्यात बगदाद यावे, बेने इस्राएलांच्या दफनभूमीतली भिंत यावी आणि माळव्याची अफूही यावी. आणि हे लिहायला मराठी अभ्यासकांनी पुढे यावे. ससून घराण्याची खाजगी पत्रे जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि ती वाचायला बगदादी अरबी लागते, हे खरे. पण मुंबई इलाख्याच्या सरकारची जुनी दप्तरे महाराष्ट्राच्या अभिलेखागारात आहेत, आणि ते अभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, डेव्हिड ससून लायब्ररीला लागूनच आहे.